साहेबाच्या टेबलापुढे नवऱ्याचं नाव

नोकरी मागायला जाताना मान खाली घालून, हात जोडून, आवाज बारीक करून उभं राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचायच्या भानगडीत पडू नये. त्यांना राग येईल, आणि त्यांची समजूत काढायला मला वेळ नाही.

हे लिहून घेते आहे ती इंदू. माझी मैत्रीण कासी, तिची ही नात. मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. त्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं, तेव्हा ही पोरगी रोज सकाळी अंगणात उभी राहून "जी, हो", "आपली कृपा" असं घोकायची. मी ओट्यावर सुपारी कातरत बसलेली असायची. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "काहून वं, नोकरी मागून राहिली का भीक?" ती रुसली. मग मी तिला माझ्या दोन मुलाखतींची गोष्ट सांगितली. ती ऐकून गेली, जागा मिळवून आली, आणि आता दिवाळीच्या अंकात हे छापून येऊ दे म्हणून माझ्याच मागे लागली आहे. मला लिहिता येत नाही. मी वऱ्हाडीत सांगते, ती शाळेच्या मराठीत उतरवते. शब्द तिचे झाले तरी राग माझा आहे, त्याला हात लावू नको असं मी तिला बजावलं आहे.

मी तुळसा. अमरावतीला कापसाच्या आवारात निवडणीच्या कामाला लागले आणि अकोल्याला मुकादमीण झाले. आवार ज्या कंपनीचं होतं तिचं नाव मी सांगणार नाही. तिनेही माझं नाव कुठे मिरवलेलं नाही.

आता यंत्रं आली आहेत, म्हणून त्या काळी आमचं काम काय होतं ते सांगावं लागेल. शेतातून कापूस घरी आला की तो रेच्यात, म्हणजे हाताने फिरवायच्या चरकात, घालून सरकी वेगळी काढायची. उरते ती रुई. त्या काळी गावोगावच्या बायाच घरी बसून रेचा फिरवत. ती रुई गाड्यांत भरून बाजारात यायची, कंपन्या घ्यायच्या, गाठी बांधून मुंबईला धाडायच्या आणि तिथून ती विलायतेला जायची. पण गावाकडून आलेल्या रुईत काय नसायचं! पाचोळा, फुटकी सरकी, माती, आणि कवडी. कवडी म्हणजे किडलेला, पिवळा पडलेला कापूस. भाव चढला तशी लोकांची नियत फिरली. कोणी वजन वाढावं म्हणून पाणी मारायचं, कोणी ढिगाच्या पोटात सरकी दडवायचं. ती सगळी रुई आवारात पसरून, ऊन दाखवून, बोटांनी निवडायची, हे आमचं काम. बसून करायचं म्हणून पुरुषांना ते हलकं वाटे. नाकातोंडात तंतू जाऊन खोकल्याची उबळ आली की जीव नकोसा व्हायचा, ते त्यांना दिसत नसे.

तेव्हा अमेरिकेत लढाई लागली होती म्हणे. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून साहेबलोक आमच्या काळ्या मातीवर तुटून पडले. अमेरिका कुठे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चिखलदऱ्याच्या डोंगरापलीकडे असेल, असं कासी म्हणायची. पण कापसाचा भाव मात्र आमच्या शेंबड्या पोरांनाही तोंडपाठ असायचा.

माझं सासर बाळापूरकडे. जमीन चांगली, कापूस बखळ. भाव चढला तसा घरात पैसा आला, आणि पैसा आला तशी दुसरी बायको आली. लोकांची घरं कापसाने वर आली, माझं घर कापसाने बुडालं. सवत आणली याचं दुःख मी एक वेळ गिळलं असतं. पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्याने बायको आणलीच नव्हती, वेचणीला मजूर आणली होती. त्या दिवसांत मजूर मिळत नसत, मिळाले तर मागतील ती मजुरी द्यावी लागे. बायकोला काय, भाकर घातली की झालं. आम्ही दोघी पाठीचा कणा मोडेपर्यंत वेचायचो आणि तो नवे जोडे घालून बांधावर उभा असायचा. एक दिवस मी ओटीतला कापूस त्या जोड्यांवर ओतला आणि अमरावतीची वाट धरली.

अमरावतीला माझ्या भावाची भाजीपाल्याची वाडी होती. भावजय वाईट नव्हती, पण तिच्या चुलीपुढे मी किती दिवस बसणार? बाळापूरहून निरोपावर निरोप यायचे, पाठवून द्या म्हणून. आमच्यात पंचांसमोर काडी मोडली की नवराबायकोचं नातं सुटतं. मी म्हटलं, काडीमोड दे. भावाने विनवलं, पंचांनी समजावलं, तरी तो देईना. फुकटची मजूर कोण सोडतो? भाऊ म्हणायचा, "तो सोडत नाई तोवर तू त्याचीच." मला भीती एकच होती, की एक दिवस भाऊ कंटाळेल आणि मला गाडीत बसवून देईल. स्वतःच्या कमाईवर उभी असलेली बाई अशी सहज उचलून नेता येत नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून मला काम हवं होतं.

पूर्वी आवारात कामाला लागणं सोपं असायचं. सकाळी फाटकाशी बाया जमायच्या, मुकादम मान हलवून "तू ये, तू ये" करायचा आणि संध्याकाळी मजुरीतून आपला वाटा कापून घ्यायचा. मी गेले त्याच सुमारास नवा साहेब आला. आवारातली रुई चोरीला जाते असा त्याला संशय. त्याने हुकूम काढला की प्रत्येक बाईला एकेकटीने आत बोलवा, चार सवाल विचारा, जबाब लिहून घ्या आणि मगच कामावर घ्या. तुम्ही आता याला मुलाखत म्हणता. आम्ही "सवालाले जातो" म्हणायचो.

सवाल विचारायला पुण्याकडचा एक कारकून आणला होता. सगळे त्याला तात्या म्हणत. माणूस कपटी नव्हता, पण आमचं बोलणं ऐकलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. "मले काम पायजे" असं कोणी म्हटलं की त्याला वाटायचं, ही बाई भांडायला आली आहे. आम्हाला वाटायचं, याला कुठे दुखतंय का?

मी आत गेले. टेबल, दौत, लेखणी, तात्या.

"नाव?"

"तुळसा."

"नवऱ्याचं नाव?"

मी दाराकडे पाहिलं.

"अगं, नवऱ्याचं नाव काय?"

"हाये एक."

"एक असणारच! त्याचं नाव सांग."

"नाव कसं घेऊ, बाप्पा? बाहीर कासी उभी हाय, तिले इचारा."

"तिला तिच्या वेळेला विचारीन. तुझं तू सांग."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, म्हणतात. कोणी विचारलंच तर शेजारची बाई सांगते, आणि शेजारणीच्या नवऱ्याचं नाव आपण सांगायचं. इतकी साधी गोष्ट. पण एकेकटीने आत जायचं म्हटल्यावर शेजारीण आणायची कुठून? आणि माझं आणखीच कठीण. मी त्याचं घर सोडलं होतं, पण माझी जीभ अजून सासरीच नांदत होती. नाव ओठांपर्यंत येईना. तात्याने मान हलवली आणि लिहिलं: नाव सांगत नाही, घरातून पळालेली दिसते. वाचूनही दाखवलं मला. आता ते खरंच होतं म्हणा, पण त्याला ते कळायचं काही कारण नव्हतं.

त्या दिवशी जी बाई आत जाई ती तोंड पाडून बाहेर येई. सगळ्या त्याच सवालावर अडल्या. एकीने घाबरून गावच्या पाटलाचंच नाव ठोकून दिलं. तिला काम मिळालं, पण ही बातमी पाटलिणीच्या कानावर गेल्यावर जो तमाशा झाला तो निराळाच. एका म्हातारीला वय विचारलं तर ती म्हणाली, "आमच्या पांढऱ्या बैलाचा जोडीदार मेला त्या साली माहं लगन झालं." तात्याने विचारलं, बैल कधी मेला? म्हातारी भडकली. "बैल कवा मेला हे पुसून तुले काय करा लागते? मी निवडाले आली का बैल निवडाले आला?" तिलाही परत पाठवलं.

फाटकाबाहेर बाया रडकुंडीला आल्या होत्या. कासी म्हणाली, "चाल वं, आपल्या नशिबी नाई." मला एकदम संताप आला. नशिबाचा काय संबंध? आत रुईचे ढीग पडलेत, बाहेर निवडणाऱ्या बाया उभ्या आहेत, आणि मधे एक खुळा सवाल आडवा पडलाय. मी तिथेच धुळीत फतकल मारली. म्हटलं, आता कोणी एकटीने आत जायचं नाही. माझं ऐकायला मी कोणी लागून गेले नव्हते. पण सगळ्याच चिडलेल्या होत्या. एकेक करून बसल्या. गाड्यांना आत जायला वाट उरली नाही.

तात्या धावत बाहेर आला. "हा काय तमाशा मांडलाय?"

"तमाशा नाई. दोघी-दोघी आत घ्या. ही माह्या घरधन्याचं नाव सांगन, मी हिच्या."

"साहेबांचा हुकूम एकेकीचा आहे."

"मंग साह्यबाले म्हना, रुई तुमीच निवडा."

कासीने माझ्या हाताला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. तात्या आत गेला आणि साहेबाला घेऊन आला. साहेब लालबुंद, घामाने डबडबलेला. तात्या त्याला बराच वेळ काहीतरी समजावत होता. साहेबाने आमच्याकडे पाहिलं, मग खोळंबलेल्या गाड्यांकडे, मग आभाळाकडे. आभाळ भरून आलं होतं आणि उघड्यावर रुई पसरलेली होती. त्याने दोन बोटं वर केली. तात्या म्हणाला, "दोघी-दोघी चला."

अशी मी कामाला लागले. मग बाया माझ्याकडे येऊ लागल्या. तुळसे, सवालाला काय सांगू? भावाच्या वाडीत मोटेजवळ सकाळी आमची तालीम चालायची. मी पालथ्या टोपलीवर तात्या होऊन बसायची आणि नाकात बोलायची, "नाव काय म्हणालीस?" समोर दोघी उभ्या. मी सांगायची, हात जोडायचे नाहीत, हात पुढे करून दाखवायचे, कारण काम हात करणार आहेत. "मायबाप" म्हणायचं नाही. "द्या हो" म्हणायचं नाही. "मले हे काम येते" एवढं म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. भीती वाटली की माणूस बोलतच सुटतं आणि नको ते सांगून बसतं.

राधी नावाची एक होती. तिने सगळे जबाब ओळीने पाठ केले. तात्याने नेमके सवाल उलटसुलट विचारले. "काय काम येतं?" तर राधी म्हणाली, "वलगाव." "गाव कोणतं?" तर म्हणाली, "दोन लेकरं." तात्यासुद्धा हसला आणि तिला घेतलं. दुसरी एक अशी परगावची होती की तिच्या नवऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. मग सांगणार कोण? मी म्हटलं, नाव घेऊ नको, खूण कर. तिने वर उन्हाकडे बोट दाखवलं. कासी म्हणाली, सूर्यभान! ती लाजून लालेलाल. पुढच्या दिवशी कासी तिच्या जोडीने आत गेली आणि खड्या आवाजात "सूर्यभान" सांगून आली.

एकीचं मात्र अजून मनात सलतं. भागी तिचं नाव. कडेवर तान्हं लेकरू. आम्ही सगळी तयारी केली, नाव, गाव, हात. तात्याने विचारलं, लेकरू घेऊन काम कसं करशील? हा सवाल आमच्या तालमीत कधी आलाच नव्हता. भागी गोंधळली, लेकराला थोपटत राहिली आणि तशीच निघून गेली. पुन्हा फाटकाशी दिसली नाही. मी मुकादमीण झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आवाराच्या छपराला लेकरांसाठी झोळ्या टांगल्या. भागीला त्याचा काय उपयोग?

मग आगगाडीचे रूळ अकोल्याच्या दिशेने सरकू लागले, म्हणून कंपनीने तिथे नवं आवार घेतलं. साहेब तिकडे गेला, तात्याही गेला. साहेबाच्या मनात आलं की बायांवर बाईच मुकादम असावी, कारण पुरुष मुकादम वाटा कापतात, बायांना छळतात आणि मग काम बिघडतं. त्या जागेबरोबर आवाराच्या मागच्या अंगाला एक खोली मिळणार होती. स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप! तात्यानेच माझं नाव सुचवलं. का सुचवलं ते त्यालाच माहीत. बहुतेक मी दुसऱ्या कुठल्या फाटकाशी जाऊन बसू नये म्हणून. जागेवर आणखी एकाचा डोळा होता, अमरावतीच्या जुन्या मुकादमाच्या मेव्हण्याचा. साहेबाचं मन वळवायला तो आधीच अकोल्यात जाऊन बसला होता.

मी आणि कासी कापसाच्या गाडीतून अकोल्याला निघालो. वाटभर कासी साहेब झाली होती. डोक्यावर पदराचं मुंडासं, गाल फुगवलेले. "टुलसा! चोर पकडेगा?" आम्ही इतक्या हसलो की गाडीवानाने बैल थांबवून काय झालं म्हणून विचारलं. पण आतून मी घाबरलेली होते. भावाने निघताना बजावलं होतं, ही जागा नाही मिळाली तर पुढच्या वेचणीला तू बाळापूरला जायचं. त्याचाही इलाज संपला होता. तेव्हा आता एक तर ती खोली, नाही तर तो बांध.

अकोल्याच्या आवारात पोचलो. तात्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे जबाबदारीचं काम आहे. साहेब नवऱ्याची संमती मागतील. काय सांगणार?" मी म्हटलं, तो परगावी असतो म्हणून सांगेन. तात्याने हं म्हटलं.

दार लोटून आत गेले, कासी माझ्या मागे. टेबलामागे साहेब, शेजारी तात्या. आणि भिंतीशी खुर्चीवर, पायांत नवे जोडे, गालात पान, माझा नवरा.

तो कापूस घेऊन आला होता. बाळापूरचा कापूस अकोल्यालाच यायचा, हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. मोठा माल आणणाऱ्याला साहेब खुर्ची द्यायचा. त्याचा कापूस तोलून झाला होता आणि तो पैशाची वाट पाहत बसला होता. दारात त्याचे गाडीवान टेकून उभे होते. त्याने मला पाहिलं आणि मिशीत हसला.

साहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने सवाल सुरू केले, तात्या मराठीत सांगत होता. पहिला सवाल, चोरी कशी थांबवणार?

मी म्हटलं, "बाया रुई नेत नाईत, रुई बायाच्या लुगड्याले लागून जाते. फाटकापाशी आडोसा करा, लुगडं झटकून जाऊ द्या. अन् मानसाच्या हातानं बायाची झडती घेनं बंद करा. उरलेली चोरी मी पाहीन."

साहेबाने मान हलवली. दोन बाया भांडल्या तर काय करणार?

"भांडू देईन. तोंड चालू द्या, हात थांबले नाई पायजे."

साहेब हसला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात तात्याने पुढचा सवाल काढला. नवऱ्याची संमती आहे का? मी "तो परगावी" म्हणायला तोंड उघडलं, तर भिंतीशी खुर्ची करकरली.

"मी हाय ना हिचा नवरा," तो म्हणाला. "अन् ही नोकरी करनार नाई. माह्या घरची बाई हाय. चाल वं, गाड्या जुतल्या हायेत."

तात्याने साहेबाला ते सांगितलं. साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. घरच्या भानगडीत कोण पडतो? आणि हा तर मोठा माल आणणारा. त्याने खांदे उडवले. तात्याने माझ्यासमोरचा कागद हळूच बाजूला सारला. कासी माझ्या कानाशी लागली, "आता चाल, मंग पाहू काई तरी." मला कळलं, आता गाडीत बसले की मग काहीही पाहायचं उरणार नाही. आयुष्यभर त्याच्या बांधावर वाकायचं. आम्ही एवढी तालीम केली, पण नवरा समोर येऊन बसेल याची तालीम कोणी केली होती?

मी त्याच्याकडे वळले. त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. लग्न झाल्यापासून चारचौघांत कधी पाहिलं नव्हतं.

"पुंजा," मी म्हटलं, "तुहा कापूस तू इक. मी नाई येत."

पुंजाजी म्हणणारं अख्खं गाव होतं, आणि मी भर कचेरीत नुसतं पुंजा म्हटलं होतं, वर अरेतुरे. कासीने पदर तोंडात कोंबला. दारातल्या गाडीवानांपैकी एकजण खुदकन हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. नवऱ्याचा चेहरा काळवंडला. गालातलं पान तसंच राहिलं.

"काय म्हनलं?"

"पुंजा म्हनलं. अजून ऐकाचं हाय का? पुंजा. पुंजा."

तो ताडकन उठला. माझ्यावर हात उगारला असता, पण समोर साहेब होता. तो दाराकडे वळला, गाडीवानांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "नवऱ्याचं नाव घेनारी बायको असते का रे कुठं? ही माही बायको नोहे! आजपासून हिचा माहा काई संबंद नाई! मराची असन तं मरू दे इथंच!"

त्याला वाटलं, त्याने मला चपराक मारली. मी ते ऐकण्यासाठी किती महिने जीव टाकत होते हे त्याला कुठून कळणार? भावाने विनवण्या करून, पंचांनी समजावून जे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, ते त्याने आपल्याच गाडीवानांसमोर, साहेबासमोर, खड्या आवाजात सांगून टाकलं. आता फिरवणार कसं? पुढे पंच बसले तेव्हा त्याच गाडीवानांनी साक्ष दिली आणि काडी मोडली गेली. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून मला पापीण म्हणणाऱ्या बाया त्या काळी होत्या, आजही असतील. त्यांना एवढंच सांगते की तो पुढे चांगला म्हातारा होऊन मेला. माझ्या नाव घेण्याने त्याचा एक केसही वाकडा झाला नाही.

साहेबाला माझी दया आली असं कोणी समजू नये. पुंजाचा कापूस तोलून ताब्यात आलेला होता आणि आवारात निवडायची रुई पडून होती. त्याने तात्याला एवढंच विचारलं, ही बाई उद्यापासून कामावर येईल का?

"उद्या काहून?" मी म्हटलं. "आजच येतो ना."

तात्याने कागद पुन्हा ओढून घेतला, लेखणी दौतीत बुडवली. माझं नाव लिहिलं. मग त्याचा हात थांबला. पहिल्यांदाच तो माझ्याशी हळू आवाजात बोलला.

"तुळसाबाई, इथे नवऱ्याचं नाव लिहायची जागा आहे. तिथे काय लिहू?"

"रेघ मारा," मी म्हटलं. "जाड मारा."